पिंपातली नीळ

शाळेचे गणवेश शिवून शिवून शिलाईवालीच्या डोळ्यांपुढे निळंच निळं असायचं. पण ते गिरणीचं, दुसऱ्यांच्या लेकरांसाठी. आपण लावलेल्या झाडाचा, आपल्या हातचा एक निळा सदरा अंगावर यावा, एवढीच हौस. म्हणून मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाला लागून, तिने नीळ पेरली होती.

फूल धरायच्या आत झाडं कापली. पाला पिंपात दाबून भिजवला. पान हिरवं, पाणी पिवळं. चुन्याची निवळी घालून घुसळघुसळ घुसळलं, तेव्हा कुठे फेसाला निळाई चढली. खांदा भरून आला. वास असा सुटला की दूधवाला दारातूनच विचारून गेला, घरात उंदीर मेलाय की पाहुणा. ती हसली. नणंदेला मात्र ते लागलं. नवऱ्यामागे ती भावाकडे आली, भावामागे वहिनीजवळच राहिली. या घराला कुणी नावं ठेवली की तिचा जीव खालीवर व्हायचा.

पाणी निवळत ठेवून शिलाईवाली सकाळी दुकानात गेली. परतली तर पिंप घासून पालथं. शेजारी दोन कळशा, तोंडाला फडकी बांधलेल्या.

"वरचं नितळ तेवढं जपून काढलंय हो, वहिनी. थेंब सांडू दिला नाही. खाली नुसता गाळ होता, तो मोरीत ओतला."

ती दाराला टेकली.

"नीळ तळाला बसते, वन्सं."

"मग वर काय उरतं?"

"पाणी."

नणंद पायरीवर बसली. नखांच्या कडा निळ्या झाल्या होत्या, त्या पदराने पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "सांगायचंस तरी."

खरंच होतं. पण दिवसभर मशीन मारून आलं की तिच्यात सांगण्यापुरतेही शब्द उरत नसत. आताही ओठांवर बरंच काही आलं आणि तिथेच दमून बसलं. झाडांचे बुडखे वीतभर ठेवलेत, पुन्हा फुटतील, एवढं ती पुटपुटली आणि चटईवर आडवी झाली.

नणंद तेलाची वाटी घेऊन आली. तिचा दुखरा हात मांडीवर घेतला, खांद्यापासून चोळू लागली. रागवायचं शिलाईवालीने मनाशी पक्कं केलं होतं, शब्दही जुळवले होते. पण झोप आधी आली.