आतल्या खोलीवरचा कवेलू

मित्रांनो, माकडाने एक उडी मारली तर तुकडे होतील असा मी एक जुना कवेलू आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, सत्यशीलाबाईंच्या आतल्या खोलीवर बसलो आहे. तुमच्याकडे आम्हाला कौल म्हणतात म्हणे. म्हणा बापडे!

पत्रू कुंभाराने मला चाकावर घडवलं. आधी तो मातीची लांबट नळी काढायचा, ती ओली असतानाच तिला दोन बाजूंनी उभी चीर द्यायचा. भट्टीतून निघाल्यावर हलकेच ठोकलं की एका नळीचे दोन कवेलू. म्हणजे आम्ही जुळेच! एक उताणा बसतो, दुसरा त्याच्यावर पालथा. खाली बांबूच्या कामट्यांचा ताटवा, भोवती हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. घरातली गरम हवा आमच्या फटींतून हळूच वर निघून जाते. चाळीस उन्हाळे हे बघतोय, तरी माझं नवल सरत नाही. कुठून आली असेल पत्रूच्या बोटांत ही अक्कल?

दर वैशाखात बाई घर फेरून घ्यायच्या. म्हणजे एकेक कवेलू उतरवायचा, झाडायचा, फुटका बदलायचा आणि पुन्हा बसवायचा. मग पत्रू गेला. नवे कवेलू मिळेनात, आणि माकडांचा धुडगूस काही थांबेना. बाईंचा मुलगा राजदीप वैतागला. यंदा त्याने समोरच्या खोलीवर टिना, म्हणजे लोखंडी पत्रे, ठोकल्या. घर फेरताना तिकडे गेलेला माझा जुळा भाऊ अंगणातल्या ढिगात जाऊन पडला. बुद्धपौर्णिमेला बहिणीच्या तान्ह्या लेकीचं नाव ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीचंही छप्पर उकलायचं, असं ठरलं. माझे दिवस भरले होते.

राजदीपची ही बहीण नंदिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लेक अवघी अठरा दिवसांची. राजदीपने मोठ्या हौसेने बहिणीचा पलंग समोरच्या खोलीत मांडला. "नवी खोली तुह्यासाठीच. कूलर बी लावला."

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी भर दुपारी लाइन गेली. कूलर थांबला आणि टिना तापून कडकड वाजू लागल्या. लेकरू लालबुंद झालं. आधी खूप रडलं, मग रडायचंच थांबलं.

"आई, हे दूध घेऊन नाई राह्यली!" नंदिनी ओरडली.

"आत आन तिले! राजदीप, आशाताईले घेऊन ये, पळ!"

बाईंनी लेकराला माझ्याखाली आणलं. कपडे सैल केले, ओल्या फडक्याने अंग पुसलं. बाहेर सूर्य आग ओकत होता. मी तापलो, माझ्या शेजारचे तापले, पण ती आग आम्ही खाली जाऊ दिली नाही. जीव मुठीत धरून आम्ही सगळे खाली बघत होतो. औषधांची पेटी घेऊन गावच्या आशाताई दारात पोचल्या तेव्हा लेकरू चुटुचुटु दूध पीत होतं. मित्रांनो, एवढा आनंद मला भट्टीतून साबूत निघाल्यावरही झाला नव्हता!

त्यांनी अंगाला हात लावून पाहिलं. "निवली आता. दुपारची इथीच ठेवजा."

राजदीप कितीतरी वेळ मान वर करून आमच्याकडे बघत उभा राहिला. "आई, लाइन नाई, कूलर नाई, तरी एवढं थंड कसं वं इथी? पण माकडं कवेलू फोडतेत, त्याचं काय करू?"

"तूच फोडून राह्यला, माकडायले काऊन बोलतं?"

तो कान खाजवत बाहेर गेला आणि ढिगातले साबूत कवेलू निवडू लागला. परवा समोरच्या टिना उतरल्या. त्या आता बकऱ्यांच्या गोठ्याला कूड म्हणून लागल्या आहेत. समोर पुन्हा कवेलू चढले आणि माझा भाऊ वर आला. त्याचा एक कोपरा तेवढा उडाला आहे. लेकराचं नाव मात्र माझ्याच सावलीत ठेवलं, करिश्मा.

मित्रांनो, आम्हाला घडवणारे हात आता उरले नाहीत. तेव्हा जपा आम्हाला. फेकायचंच असेल, तर फेका बापांनो. पण आधी वैशाखातल्या एका दुपारी तान्हं लेकरू मांडीवर घेऊन घडीभर आमच्याखाली बसा.