परतीची ढकलगाडी

हेडसरांनी आणलेली चिठ्ठी भिंगने एकदा वाचली, उलटून मागची बाजू बघितली आणि पुन्हा पुढची वाचली. कोणासाठी: सर्वांसाठी. वय: सर्व. का वाचावं: अवश्य वाचावे.

“सर, एवढ्यावरून कोणाला काय कळणार?”

“न कळण्यासारखं काय आहे त्यात?” हेडसर म्हणाले. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण समोरच्याला बाकावर उभं करणारी नजर काही निवृत्त झाली नव्हती. “सर्वांनी वाचावं असंच पुस्तक आहे.”

“दहा वर्षांच्या मुलीनेही? चार खंडांचं चरित्र?”

“दहाव्या वर्षी नाही तर कधी? चाळिसाव्या?”

हेडसर नुसते वाचक असते तर तिने आणखी वाद घातला असता. पण ते वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होते आणि बैठक पुढच्याच आठवड्यात, शनिवारी होती. तिने मुकाट्याने चिठ्ठी पुस्तकाला अडकवली आणि चारही खंड दारासमोरच्या मांडणीवर नेऊन ठेवले. तिथे ‘सर्वांसाठी’ असलेली पुष्कळ पुस्तकं आधीच धूळ खात उभी होती.

भिंग हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती मुंग्यांच्या रांगेवर भिंग धरून तासन्‌तास उकिडवी बसायची, म्हणून भावाने ठेवलेलं नाव. एकदा तो तिचा डबा द्यायला वाचनालयात आला आणि दारातूनच “ए भिंगे!” म्हणून ओरडला. तेव्हापासून सभासदही पाठीमागे तिला भिंगच म्हणत. नाव शोभून दिसायचं. वनस्पतिशास्त्राची पदवी, त्यावर ग्रंथपालाचा अभ्यासक्रम, आणि एखादी गोष्ट का होते हे कळेपर्यंत जेवण गोड न लागण्याची खोड.

सध्या जेवण अजिबात गोड लागत नव्हतं. ती आल्यापासून पुस्तकांची देवघेव घसरत चालली होती.

तिच्या आधी इथे काका म्हणून एक ग्रंथपाल होते. त्यांच्या काळात वाचनालयात पाय ठेवायला जागा नसायची. टेबलावर पुस्तकं, खुर्च्यांवर पुस्तकं, आणि परत आलेली पुस्तकं ठेवायची लोखंडी ढकलगाडी तर आठवडा आठवडा रिकामी होत नसे. भिंगने आल्या आल्या सगळा कारभार शिस्तीत आणला. कपाटं विषयवार लावली, प्रत्येकावर पाटी लावली, आणि कामाला असलेल्या मावशींना बजावलं, “मावशी, गाडीवर पुस्तक राहता कामा नये. आलं की लगेच जागेवर.” मावशी गुडघे धरत, कुरकुरत का होईना, तसंच करत.

आणि तरी काकांच्या उकिरड्यातून लोक पिशव्या भरभरून पुस्तकं नेत होते, आणि भिंगच्या लख्ख दालनातून हात हलवत परत जात होते.

वाचनालयाचे चिटणीस मागच्या महिन्यात आले होते ते हेच सांगायला. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि कुठलीही गोष्ट ते गिऱ्हाइकाच्याच हिशेबाने बघत. “हे बघा, माल खपत नसेल तर गाळा अडवून ठेवण्यात अर्थ नाही. परीक्षावाल्या मुलांना अभ्यासाला जागा हवीय. गोष्टी, कादंबऱ्या, बालविभाग, सगळं खोक्यांत भरून तळघरात ठेवू. पुढच्या महिन्याच्या बैठकीपर्यंत काही फरक दिसला तर बघू.”

तळघरात ओल होती. ओलीत कागदाचं काय होतं, त्यावर कुठली बुरशी कोणत्या क्रमाने येते, हे भिंगला नको तितकं ठाऊक होतं.

म्हणून तिने ही मांडणी काढली होती. वाचकांनीच वाचकांना पुस्तकं सुचवायची. चिठ्ठीवर तीन रकाने आणि खाली सुचवणाऱ्याचं नाव. कल्पना तिला इतकी बिनचूक वाटली होती की ती फसेल असं मनातही आलं नव्हतं. ती फसली, आणि फसली तीही कंटाळवाण्या पद्धतीने. समोरच्या गल्लीतल्या शिंपीमामांनी पचनसंस्थेवरचं पुस्तक सुचवलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी थोर विचारांचा संग्रह सुचवला. एका आईने आपल्या मुलाच्या नावाने व्याकरण सुचवलं, आणि तो मुलगा शेजारी उभा राहून चिठ्ठीकडे मारक्या बैलासारखा बघत होता.

हेडसर गेल्यावर भिंगने त्यांच्या चरित्राचा दुसरा खंड उघडला. पानं कडेला एकमेकांना चिकटलेली होती, छापखान्यातून आल्यापासून कोणी वेगळी केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने शिंपीमामांना गाठलंच. ते नेहमीप्रमाणे खुनाची कादंबरी काखेत मारून निघाले होते.

“मामा, तुम्ही स्वतः वाचता खून, दरोडे. आणि दुसऱ्यांना सुचवता पचनसंस्था?”

“मग काय खून सुचवू?” मामांनी आवाज खाली आणला. “खाली नाव लिहायचं असतं ना! माझी सून येते इथे. व्याही येतात.”

हे तिला पटलं. तिने चिठ्ठीवरचा नावाचा रकाना काढून टाकला आणि चिठ्ठ्या टाकायला एक पेटी ठेवली. दोन दिवसांनी पेटीत पहिली निनावी चिठ्ठी पडली. पुस्तक: राग आवरण्याचे सोपे उपाय. कोणासाठी: टेबलावर बसणाऱ्या बाईंसाठी. वय: लग्नाचं.

तिने ती चिठ्ठी चुरगाळून टोपलीत टाकली, मग उचलली, सरळ केली आणि फाडून टाकली.

संध्याकाळी घरी भावाने विचारलं, “काय गं, आज कोणाला खाल्लंस?” ताटात पोळी तशीच ठेवून ती म्हणाली, “लोकांना काय आवडतं ते विचारलं की लोक खोटं बोलतात. मग कळणार कसं?”

“मुंग्यांना विचारायचीस का तू?” भाऊ म्हणाला आणि तिच्या ताटातली पोळी उचलून मोकळा झाला.

ती त्याच्यावर खेकसली. तेवढ्यापुरता तो विषय संपला.

सोमवारी सकाळी ढकलगाडीचं एक चाक निखळलं. गाडी दारापाशीच एका बाजूला कलली आणि तिथेच अडून बसली. मिस्त्री म्हणाला, “उद्या येतो.” त्याच्या उद्याला तारीख नसते, हे सगळ्यांना माहीत होतं. कपाटापर्यंत पुस्तकं हातांवर वाहायला मावशींनी साफ नकार दिला. “गुडघे माझे आहेत, वाचनालयाचे नाहीत.” भिंग नव्या चिठ्ठ्या कापण्यात गुंतली होती. दुपारपर्यंत तिरक्या गाडीवर पुस्तकांचा ढीग झाला.

आणि लोक त्या ढिगात हात घालू लागले.

पहिल्यांदा तिने दुर्लक्ष केलं. मग एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन गाडीवर ओणवलेल्या दिसल्या, आणि तिला राहवलं नाही. “ताई, ती अजून जागेवर लावायची आहेत. कथा डावीकडे, तिसऱ्या कपाटात.”

“हो का? मग हे मी इथूनच नेते. तेवढंच तुमचं लावायचं वाचलं.”

“पण कपाटात याहून चांगली आहेत!”

“असतील. पण हे कुणीतरी वाचून आणलंय ना.” बाईंनी पान उघडून दाखवलं. कुठल्याशा मुलाने वाघाच्या चित्राला पेन्सिलने चष्मा काढला होता. कडेवरची मुलगी खुदकन हसली. “बघा, हिला हेच हवंय.”

पुस्तक खराब करणाऱ्याला काय शिक्षा असते हे सांगायला भिंगने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

त्या संध्याकाळी देवघेव बरीच वाढलेली दिसली. योगायोग असेल, असं तिने स्वतःला बजावलं. एका दिवसावरून निष्कर्ष काढणाऱ्यांची तिला चीड होती. मंगळवारी मिस्त्री खरोखरच आला, हाही एक योगायोगच. चाक बसलं, पण गाडी तिने मुद्दाम भरलेलीच ठेवली. पुस्तकं गेली. बुधवारी मावशींकडून गाडी तासातासाला रिकामी करून घेतली. लोक आत आले, रिकाम्या गाडीकडे बघितलं, कपाटांसमोर देवळात चुकून शिरल्यासारखे दोन मिनिटं उभे राहिले आणि निघून गेले. गुरुवारी पुन्हा गाडी भरलेली. पुस्तकं पुन्हा गेली.

गुरुवारी दुपारी ती खुर्चीत बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लोक एकमेकांना पुस्तकं सुचवतच होते, कित्येक वर्षं, एक अक्षरही न लिहिता. एखादी आजी वाचून वाचून बांधणी सैल झालेली कादंबरी गाडीवर ठेवायची, मागून येणारी तरुणी ती उचलायची. आणि ही सूचना दर तासाला पुसून टाकण्याचं काम तिने जातीने लक्ष घालून करवून घेतलं होतं.

“मामा, तुम्हीसुद्धा गाडीवरूनच घेत होतात?”

“काकांच्या वेळी सगळेच घ्यायचे.”

“मग मला बोलला का नाहीत?”

“तुम्ही एवढं झाडून पुसून ठेवता,” मामा ओशाळून म्हणाले. “नव्या नवरीच्या घरात चपला घालून कोण शिरणार?”

शुक्रवारी हेडसर आले. चिठ्ठ्यांची मांडणी गायब झालेली बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. भिंगने सगळं सांगितलं.

“असं होय,” हेडसर म्हणाले. “मग माझे चारही खंड गाडीवर ठेवा.”

“नाही ठेवता येणार, सर. कोणीतरी घरी नेऊन परत आणलेलंच तिथे ठेवायचं. नाहीतर ती पण खोटी चिठ्ठीच झाली.”

“मला शिकवताय?”

“तुम्ही घेऊन जा ना घरी. वाचा, परत आणा. मग गाडी तुमचीच.”

हेडसरांचे कान लाल झाले. शनिवारचं मत गेलं, हे तिला त्याच क्षणी कळलं. पण शब्द तोंडातून निघून गेले होते. हेडसरांनी पहिला खंड उचलला, दाराकडे निघाले, गाडीपाशी थबकले आणि कोणाचं लक्ष नाही असं समजून वरचं एक पातळसं पुस्तक खंडाखाली सरकवलं. दाराजवळच्या टेबलावर नोंद करताना भिंगने ते बघितलं. शिंपीमामांनी सकाळीच परत आणलेला खून होता तो, भाग पहिला. न बोलणं तिला फार जड गेलं.

त्याच दिवशी तिनेही शेवाळांवरचं आपलं लाडकं पुस्तक गाडीवर ठेवलं. ते तिने रीतसर आपल्या नावावर घरी नेलं होतं, पुन्हा वाचलं होतं. त्यात लबाडी नव्हती. संध्याकाळपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही.

शनिवारी बैठक दालनातच होती. मुद्दा भिंगने मनात पक्का बसवला होता. आधी बोलायचं नाही, नुसती गाडी दाखवायची. भरलेली गाडी, तिच्याभोवतीची माणसं. ती चिटणीस आणि हेडसर यांना दाराशी घेऊन आली, हात पुढे केला आणि म्हणाली, “ही बघा.”

गाडी रिकामी होती. नुसती रिकामी नाही, ओल्या फडक्याने पुसून चकचकीत केलेली.

“मावशी!”

“मोठी माणसं यायची होती ना,” मावशी पदराला हात पुसत कौतुकाने म्हणाल्या. “सगळं जागच्या जागी लावलं. गुडघ्यांची पर्वा केली नाही. तुमचीच शिकवण.”

भिंगला रडू येतंय की हसू हे तिचं तिलाच कळेना. “साहेब, म्हणजे ही गाडी भरलेली असते तेव्हा लोक… मी रिकामी करत होते म्हणून…”

“बाई,” चिटणीस घड्याळाकडे बघत म्हणाले, “वाचक का घटले, तर गाडी स्वच्छ होती म्हणून? मी पसारा घालायला पगार देऊ?”

“माझा भाग दुसरा कुठे आहे?”

हेडसर गाडीसमोर उभे होते. एका हातात चरित्राचा पहिला खंड, दुसऱ्या हातात ते पातळ पुस्तक, आणि चेहऱ्यावर कोणीतरी पुढ्यातलं ताट ओढून नेल्यासारखा भाव.

“इथे होता. काल जाताना मी बघून ठेवला होता. कोणी उचलला?”

“कपाटात असेल, सर,” भिंग म्हणाली.

“कपाटात? कुठल्या कपाटात? एवढ्या कपाटांत मी कुठे शोधत बसू? गाडीवर होता तर गाडीवरच असू द्यायचा ना!” ते चिटणिसांकडे वळले. “हा काय कारभार आहे? रात्रभर माणसाने विचार करायचा खून कोणी केला, आणि सकाळी पुस्तक गायब!”

चिटणीस त्यांच्याकडे बघत राहिले. गिऱ्हाईक त्यांना दुरून ओळखू येत असे. “सर, तुम्ही खून वाचता?”

“प्रश्न तो नाही,” हेडसर ताडकन म्हणाले. “दालन तळघरात न्यायचा ठराव होता ना? माझा विरोध लिहून घ्या. निदान दुसरा भाग मिळेपर्यंत.”

चिटणिसांनी मान हलवली. “राहू द्या मग पुढच्या बैठकीपर्यंत. बघू. पण बाई, पसारा जरा बेताने.”

एवढंच. कौतुक नाही, पटलं म्हणणं नाही. चार दिवस जुळवलेला मुद्दा कोणी ऐकलासुद्धा नव्हता, आणि दालन वाचलं होतं ते खून कोणी केला या काळजीपोटी. हेडसर चरित्राचा पहिला खंड टेबलावर ठेवून म्हणाले, “याला अजून वेळ लागेल,” आणि तिने शोधून दिलेला भाग दुसरा घेऊन गेले.

भिंग शेवाळाच्या पुस्तकाच्या जागी गेली. तिथे ते नव्हतं.

“मावशी, माझं हिरव्या पुठ्ठ्याचं कुठे लावलंत?”

“ते जाडजूड? ते लावायच्या आधीच त्या वाघवाल्या बाई घेऊन गेल्या. लेकीला पानं-फुलं दाबून वाळवायची आहेत, तर म्हणे एखादं जड पुस्तक हवं.”

भिंगने डोळे मिटले. रंगीत चित्रांची पानं, त्यात ओली फुलं. डाग पडणार. नक्की पडणार.

“परत आलं की कुठे लावू?” मावशींनी विचारलं. “कपाटात ना?”

“गाडीवर!” भिंग एवढ्या मोठ्याने ओरडली की ‘शांतता राखा’ या पाटीखाली पेंगत बसलेला म्हातारा दचकून जागा झाला. “डागांसकट, मावशी. गाडीवर.”