आदल्या दिवशीच्या शुभेच्छा

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा. माझा आवाज आता पूर्वीसारखा शेवटपर्यंत पोचत नाही. गाणं छान झालं, कॉफी व्हायला वेळ आहे, तोवर एक गोष्ट सांगते. तशी ती एका भाड्याच्या खोलीची गोष्ट, पण त्या खोलीपायी एक मुलगा रात्रभर देवाची विनवणी करत होता की एक म्हातारी सकाळपर्यंत जगू दे.

मुलाचं नाव ओतार. जॉर्जियातल्या कुतैसीचा. वर्षभराच्या अदलाबदलीवर आमच्या मारबुर्गच्या विद्यापीठात आलेला, म्हणजे त्यांचा एक विद्यार्थी इकडे आणि आपला एक तिकडे. आपला तिकडे मजेत होता म्हणे, कुणाच्या तरी काकूकडे राहून दोन्ही वेळा गरम जेवत होता. इकडे ओतारला मात्र डोक्यावर छप्पर मिळेना. स्पेनला गेलेल्या कुणा मुलीची खोली त्याला तात्पुरती मिळाली होती आणि ती मुलगी सोमवारी परत येणार होती. वसतिगृहात जागा वसंतापर्यंत नाही. सोमवारपर्यंत खोली मिळाली नाही तर बॅग उचलायची आणि घरी परतायचं. घरी तर आईने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं, आमचा ओतार जर्मनीत शिकतो म्हणून.

आपल्या गावात विद्यार्थ्यांच्या घरात खोली कशी मिळते ते तुम्हाला ठाऊकच आहे. राहणारी पोरं स्वयंपाकघरात ओळीने बसतात आणि येणाऱ्याची परीक्षा घेतात. ओतार अशा किती परीक्षा देऊन आला होता कोण जाणे.

"भांडी लगेच घासतोस की साठवून?"

"लगेच."

"मग आमचं जमणार नाही. तुला आमचा राग येईल."

दुसऱ्या घरी विचारलं, "तुझ्यात वाईट काय आहे ते सांग." तो बिचारा घाबरून म्हणाला, "मी फार काळजी करतो." ती पोरं एकमेकांकडे बघून म्हणाली, "बरं, कळवतो." ते कळवणं आजतागायत झालेलं नाही.

पुढची गोष्ट शनिवारी दुपारची. डोंगरावरच्या जुन्या पेठेत, आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर इर्मट्राउट त्साइडलर राहायची. मी तिच्या खालच्या मजल्यावर, आजही तिथेच आहे. इर्मा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, बोलायला फटकळ, आणि आपल्या चर्चच्या गायनवृंदात माझ्याच शेजारी उभी राहून गाणारी. नवरा गेल्यापासून ती माळ्यावरची खोली दरवर्षी एका विद्यार्थ्याला द्यायची. त्या वर्षीचा विद्यार्थी ऐनवेळी दुसऱ्या गावी गेला आणि इर्माने विद्यापीठाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. ती ओतारने पाहिली.

ओतार आला तेव्हा मी तिथेच होते, साय फेटत. टेबलावर अक्रोडाचा केक निवत ठेवलेला. मुलगा उंच, ओल्या बुटांनी दारातच अवघडून उभा.

"बूट काढा आणि आत या," इर्मा म्हणाली. "केक खाणार?"

"नको, नको," तो म्हणाला.

"बरं," म्हणून इर्माने ताटली उचलून ठेवली. त्याचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. त्यांच्याकडे तीनदा आग्रह झाल्याशिवाय हो म्हणत नाहीत, हे आम्हाला कुठलं माहीत!

"अगं इर्मा, भुकेला आहे तो," मी म्हटलं.

"मग नको कशाला म्हणाला? भाषा येते ना त्याला?"

तरी तिने केकचा तुकडा दिला, हिवाळी कोट कुठे मिळेल ते सांगितलं, परीक्षा कधी ते विचारलं. खोली दाखवून आणली. खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. उतरत्या छताची खोली, खिडकीतून खाली नदी. इर्मालाही तो आवडलेला दिसत होता, कारण ती त्याला टोमणे मारायला लागली होती. न आवडलेल्या माणसाशी ती फार गोड बोलायची.

"रविवारी खिळे ठोकायचे नाहीत. जिन्यात सायकल ठेवायची नाही. आणि उद्या घरात गर्दी असेल, तेव्हा सामान सोमवारी सकाळी आणा. उद्या माझा ऐंशीवा आहे."

म्हणजे खोली मिळालीच होती हो! 'सोमवारी सामान आणा' ह्याचा दुसरा अर्थ काय? ओतार गप्प राहिला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण इर्माने बोलता बोलता तीन पेल्यांत सफरचंदाची वाइन ओतली, आणि जॉर्जियाच्या माणसाच्या हातात पेला आला की त्याला काही बोलल्याशिवाय पिता येत नाही. नुसतं गटकन पिणं म्हणजे त्यांच्याकडे घरधनिणीचा अपमान. तो उठला. छातीवर हात ठेवला.

"बेबो," तो म्हणाला. बेबो म्हणजे त्यांच्याकडे आजी. "ज्या घराने परक्याला केक दिला त्या घराची चूल थंड न होवो. तुमच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या तुम्हाला खूप..."

"थांबा!" इर्मा ओरडली.

"...खूप शुभेच्छा, आणि तुम्ही शंभर वर्षं जगा!"

आणि घटाघट पेला संपवला.

माझ्या हातातून फेटणी सुटली. इर्मा खुर्चीत बसली ती पांढरीफटक. ओतार एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. आपण नक्की काय मोडलं ते त्याला कळेना, पण काहीतरी मोडलं एवढं कळलं.

"माझं चुकलं का काही?"

"मी कुणाची बेबो नाही," इर्मा कशीबशी म्हणाली. "जा तुम्ही आता. उद्या नऊला या. मी उठले असेन तर खोली तुमची."

"आणि... नाही उठलात तर?"

"तर मग गुद्रुनला विचारा, कबर कुठे खणायची ते."

गुद्रुन म्हणजे मी. मी त्याला जिन्यात गाठलं. आपल्याकडे वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देत नाहीत, तसं करणं फार अशुभ मानतात, हे सांगितलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझी जीभ! मी त्याला गेरहार्टचंही सांगून बसले. गेरहार्ट म्हणजे इर्माचा नवरा. त्याच्या साठीला कचेरीला सुट्टी येत होती, म्हणून सोबत्यांनी आदल्या दिवशीच केक कापून त्याला शुभेच्छा दिल्या. दुसऱ्या सकाळी गेरहार्ट उठला नाही. इर्मा श्रद्धाळू होती, पण अंधश्रद्धाळू नव्हती. हृदयाचं दुखणं होतं त्याला, हे तीच आम्हाला समजावायची. तरी त्या दिवसापासून तिच्या वाढदिवसाचा नोव्हेंबर लागला की कुणी जवळ येऊन तोंड उघडलं, की ती कॅलेंडर बघायची.

ओतार जिन्याचा कठडा धरून उभा होता. "म्हणजे मी तिला..." एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

ती रात्र त्याने कशी काढली ते पुढे त्यानेच सांगितलं. आधी खोलीची काळजी वाटत होती. मग लाज वाटली, की माणसाच्या जिवापुढे आपण खोलीचा विचार करतो. मग त्याने देवाला सांगितलं, खोली नको, मी सोमवारी घरी जातो, आईला काय ते सांगेन, पण त्या आजीला उठव. फोनही करता येईना, त्याच्याजवळ नंबर नव्हता.

नऊ वाजता त्याने इर्माची बेल दाबली. उत्तर नाही. पुन्हा दाबली. माझी दाबली, तिथेही उत्तर नाही. मग त्याने खालपासून वरपर्यंत सगळ्या बेल दाबल्या. तळमजल्यावरचे कुबिचेक झोपेच्या अंगरख्यात दारात आले.

"रविवारी सकाळी? शुद्धीवर आहात का?"

"वरच्या आजी गेल्या! माझ्यामुळे!"

"कुठे गेल्या?"

"मेल्या! मी काल शुभेच्छा दिल्या!"

"काल? आदल्या दिवशी?" कुबिचेकांची झोपच उडाली. दोघं धावत वर गेले. दार ठोकलं, हाका मारल्या, किल्लीच्या भोकातून पाहिलं. आत दिवा नाही, हालचाल नाही. कुबिचेक रुग्णवाहिका बोलवायला खिशात फोन शोधू लागले, तर अंगरख्याला खिसाच नाही. तेवढ्यात आपल्या चर्चच्या घंटा सुरू झाल्या आणि कुबिचेकांनी कपाळावर हात मारला.

"अहो, आज कंटाटा आहे, ते गाण्यातलं प्रवचन! दोघी पहाटेपासून तालमीला गेल्या असतील!"

आणि इकडे काय चाललं होतं? मला तर सांगायलाच लाज वाटते. साधं प्रवचन माझ्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून जातं, पण प्रवचन गाऊन सांगितलं की माझं देहभान हरपतं. तालमीत मी ओतारला पार विसरले, आणि घाबरलेल्या इर्माने नऊची वेळ दिली तेव्हा तिलाही तालीम आठवली नव्हती. उपासना सुरू व्हायच्या बेताला इर्माच्या दंडावर हात ठेवला आणि एकदम आठवलं.

"इर्मा, त्या पोराला तू नऊला बोलावलंयस."

"अरे देवा," इर्मा म्हणाली. "गेला असेल तो. मी मेले असं समजून गेला असेल."

"धावत जाऊन येऊ?"

वृंदप्रमुखांनी आमच्याकडे असं पाहिलं की दोघी गप्प. ऑर्गन सुरू झाला. सुरुवातीचे सूर आले आणि इर्मा, जिचा सूर चाळीस वर्षांत ढळला नव्हता, ती अर्धा सूर खाली गायली. तिची नजर दरवाज्यावर. मीही दरवाज्यावरच. देवाने त्या सकाळी आमचं गाणं कसं ऐकून घेतलं असेल ते त्याचं तोच जाणे.

मधल्या भागात, भिऊ नको, दार लोटलेलं नाही, असं सगळे मिळून गातात ना, तिथे मोठं दार करकरलं. ओतार आत आला. केस विस्कटलेले, कोटाची बटणं खालीवर, मागे अंगरख्यातले कुबिचेक. तो मधल्या वाटेने थेट पुढे आला. लोक माना वळवून बघताहेत, त्याला पत्ता नाही. त्याने आमच्या रांगेवरून नजर फिरवली, एकेक चेहरा. इर्मापाशी थांबली. तिचं तोंड गाण्यासाठी वासलेलं. गाता गाता तिने मान हलवली, आहे मी, अशी.

तो आहे तिथेच फरशीवर बसला आणि चेहरा हातांत लपवून रडला. इर्माचा सूर जागेवर आला तो तेव्हा.

उपासना संपल्यावर ती त्याच्यापाशी गेली. "उठा. फरशी थंड आहे. आता म्हणा काय म्हणायचं ते."

ओतारने माझ्याकडे पाहिलं. "आज ना? नक्की आज?"

"आजच," मी म्हटलं.

तरी त्याने कुबिचेकांनाही तारीख विचारून घेतली. मग छातीवर हात ठेवला, पण मोठं भाषण त्याला सुचेना. "बेबो, उठलात त्याबद्दल आभारी आहे," एवढंच म्हणाला.

"सोमवारी कशाला, आजच सामान आणा," इर्मा म्हणाली. "पण सायकल जिन्यात नाही." आणि ह्या खेपेला बेबो म्हणाल्याबद्दल ती काही बोलली नाही.

ओतार वर्षभर त्या खोलीत राहिला, शिकला, परत गेला. दर सतरा नोव्हेंबरला कुतैसीहून त्याचा फोन यायचा. सकाळी उजाडल्यावरच. आधी मला, "गुद्रुन, तिकडे तारीख बदलली ना?" आणि मग इर्माला. असे सहा फोन झाले. सातव्या वर्षी उन्हाळ्यात, भर दुपारी, इर्मा खुर्चीत बसल्या बसल्या गेली. वाढदिवस तेव्हा कुठल्या कुठे होता. ओतार विमानाने आला आणि कबरीशी उभा राहून त्याने त्यांचं एक गाणं म्हटलं.

ती कॉफी झाली बघा. उठण्याआधी एवढंच मागणं. येत्या सतराला कधीतरी इर्मट्राउट त्साइडलरची आठवण काढा. नाव नीट लक्षात ठेवा, हवं तर पेला उचला, हवं तर एक ओळ गुणगुणा. फक्त सोळाला नको.