दगडी पायांवरची शाल

उतरत्या हेमंताचा म्लान, मंद, दमलेला प्रकाश कॅथेड्रलच्या रंगीत काचांतून झिरपत होता. निळा, तांबूस, मग नुसताच राखाडी. शतस्तंभी शांततेत शिळांचा गारठा वर चढत होता, आणि त्या गारठ्यातून एडिथ चालत होती. पाथरवटाची म्हातारी विधवा. गुडघे थकले, डोळे थकले. रोजचं येणं तेवढं थकलं नव्हतं.

तिथल्या बिशपांनी, म्हणजे थोरल्या धर्मगुरूंनी, जिवंतपणीच आपली समाधी घडवून घेतली होती. वरच्या शिळेवर किरीटधारी, सुवर्णलेपित बिशप. खालच्या शिळेवर तेच बिशप मरणानंतरचे, विवस्त्र, अस्थिशेष. वैभवाचा शेवट रोज डोळ्यांपुढे राहावा म्हणून. पण ज्यांच्या ताटातला तितर उपासाच्या दिवसांतही चुकला नाही, त्यांच्या फासळ्या पाथरवटाला दिसाव्यात कुठून?

एडिथच्या नवऱ्याला, ती समाधी घडवणाऱ्या ह्यूला, त्या घरातच दिसल्या. त्या हिवाळ्यात त्यांचा तरणाताठा मुलगा विल्किन क्षयाने झिजत होता. बाप उशाशी बसून पाही, रडे, आणि पाहिलेलं दगडात उतरवी. पोर गेलं. पाठोपाठ ह्यूही गेला. गरिबाच्या मातीवर खूण राहिली नाही. राहिले हे दगडी पाय, डाव्याचं धाकटं बोट शेजारच्यावर चढलेलं, जन्मापासून होतं तसं.

आज एडिथला राहवेना. अंगावरची लोकरी शाल काढून तिने त्या पायांवर घातली. दगडाला थंडी वाजत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी तिने कडा नीट सारख्या केल्या.

मागे काठी वाजली. बिशप उभे होते, वयाने ओसरलेले, धापा टाकत. त्यांनी शाल जराशी बाजूला केली आणि ते बोट बराच वेळ पाहिलं.

“बाई, हे पाय माझे नाहीत.”

एडिथला पुढचं दिसलं. यांनी एक शब्द टाकला की छिन्नी येणार, आणि पोर दुसऱ्यांदा जाणार. पण खोटं बोलायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

“माझ्या विल्किनचे आहेत, महाराज.”

बिशप समाधीच्या पायरीवर मटकन बसले. इतकी वर्षं ज्या मरणापुढे ते हात जोडत आले, ते कुणा दुसऱ्याच्या घरचं होतं. काचांतला शेवटचा तांबूस रंग सरला. मग त्यांनी शाल पुन्हा त्या पायांवर ओढली.

“वर मी निजेन,” ते म्हणाले. “खाली त्याला निजू द्या.”

वसंताआधीच बिशप गेले. घंटा घुमल्या, धूप दरवळला, मोठमोठी माणसं किरीटापुढे वाकली आणि घरी गेली. संध्याकाळ उतरली, मंद, म्लान, दमलेली. वरचं सोनं हळूहळू काळोखलं. आणि खाली, एका जुन्या शालीत पाय झाकून, एका आईचं पोर निजलं होतं.