दुधाच्या फ्रीझरची घंटा

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. मी कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माझ्यावरची धूळही कुणी झटकत नाही. दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मातांनी दिलेलं दूध एका फ्रीझरमध्ये ठेवत. त्याचा गारवा कमी झाला की घंटा वाजवायची, हे माझं काम.

दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाने मला घडवलं. सिस्टर त्याला 'खटपट्या' म्हणत. भंगारातली घंटा घेऊन, सुचेल तसं जोडत त्याने मला उभं केलं. त्याची थोरली बहीण पूल बांधणारी इंजिनिअर. माझी जोडणी बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय काय बदललंस, ते लिहून तरी ठेवलंयस का? आम्ही पुलावर आधी वजन चढवून बघतो, मग माणसं सोडतो."

"ताई, हा काय पूल आहे? करून बघायचं, बिघडलं तर पुन्हा करायचं. त्यातच तर मजा आहे!"

मला त्याचंच पटलं. मोजूनमापून चालणाऱ्या कुणी एका फ्रीझरसाठी मला जन्माला घातलंच नसतं. तीन वर्षं मी वेळेवर वाजलो. सिस्टर तोंड भरून कौतुक करत.

मग त्या म्हणाल्या, "अरे, घंटेने पोरं दचकतात. जरा गोड काहीतरी वाजव ना!"

खटपट्या हरखला. बाळं झोपली होती, म्हणून त्याने माझा बाहेरचा आवाज बंद केला आणि इअरफोन लावून अंगाईचे सूर जुळवले. सूर छान जमले. त्या आनंदात तो घरी गेला, आवाज सुरू करायचा राहून गेला.

रविवारी सकाळी दिवसभर लागणारं दूध फ्रीझरमधून बाहेर काढून झालं, मग तिकडे कुणी फिरकलं नाही आणि दुपारी फ्रीझर बंद पडला. मी जीव तोडून अंगाई म्हणत होतो. कुणालाही ऐकू गेली नाही.

सोमवारी सिस्टरनी सगळ्या बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या. त्यात सहा बाटल्या एका आजारी आईच्या होत्या. तिचं दूध आटलं होतं.

"एकसुद्धा चांगली नाही का हो?" तिने दारातून विचारलं.

तिच्या बाळाला डब्यातल्या पावडरचं दूध सोसलं नाही. आठव्या दिवशी ते गेलं.

"चल, दोघं मिळून दुरुस्त करू," बहीण म्हणाली.

"काय दुरुस्त करू, ताई?" एवढंच म्हणून त्याने मला बंद केलं. पुन्हा कधी त्याने कशालाच हात लावला नाही.

मित्रांनो, खटपट जरूर करा. पण घरी जाण्याआधी फ्रीझरचं दार पाच मिनिटं उघडं ठेवा आणि घंटा वाजते का, ते ऐका. त्याने एवढं केलं असतं, तर ते बाळ आज तुमच्याएवढं असतं.