आहुप्याचं उत्तर

"चालू हाय का गं माझ्या पोराची पेटी?"

लंकाबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं. एका हातात धारेची चरवी, दुसऱ्या हातानं पदर कमरेला खोचलेला. आत मोहिनी समृद्धीच्या नाकाखाली बोट धरून बसली होती. पोर शांत झोपली होती, झोपेतच ओठ चोखत होती. तरी श्वास बोटाला लागल्याशिवाय मोहिनीला चैन पडत नसे. तो लागला. मग तिनं लॅपटॉप पुढ्यात ओढला, झाकण उघडलं, स्क्रीनवरच्या यादीतली शेवटून दुसरी ओळ बघितली.

"चालू आहे, आई."

"बरं," म्हणून सासूबाई दूध तापवायला आत गेल्या.

स्वराज गेल्यापासून हे रोजचंच झालं होतं. स्वराज मोहिनीचा धाकटा दीर. कॉलेजात असताना मित्रांना घेऊन त्यानं 'पेटारा' लिहिला होता. संगणकावर नवं काही बसवायचं म्हटलं की त्याला कुठकुठले सुटे भाग लागतात. ते हुडकायचे, आणायचे आणि ज्याच्या त्याच्या जागी बसवायचे, हे पेटाऱ्याचं काम. अशा प्रोग्रामला पॅकेज मॅनेजर म्हणतात. घरात कुणी विचारलं की मोहिनी सांगायची, "स्वयंपाकाला बसायच्या आधी सगळं सामान ओट्यावर आणून ठेवणारा गडी समजा." सामानाची कोठारं म्हणजे दूरदूरचे संगणक. एक मुंबईला, एक हैदराबादला, दोनतीन परदेशात. आणि एक घाटमाथ्यावरच्या आहुपे गावात.

आहुप्याचं कोठार हा स्वराजचा हट्ट. पावसाळ्यात तिकडचं नेट आठवडेच्या आठवडे जातं, शाळेतल्या मुलांचे संगणक नुसते धूळ खात बसतात, म्हणून त्यानं एका पत्र्याच्या पेटीत छोटा संगणक घालून तो गावातल्या बहिरू बाबांच्या माळ्यावर बसवला होता. वर सोलरचं पान. ते बसवून परत येताना डिंभ्याच्या अलीकडे, तिन्हीसांजेला, दिवे नसलेल्या ट्रॉलीवर गाडी आदळून तो गेला.

पुढं पुण्यातल्या एका लहानशा कंपनीनं पेटारा चालवायला घेतला आणि काम मोहिनीकडे आलं. ती कॉम्प्युटरची पदवीधर, लग्नाआधी नोकरी केलेली. बाळ झाल्यावर खोडदच्या घरातूनच करू लागली. खिडकीसमोर कांद्याचं रान आणि त्यापलीकडे रेडिओ-दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या. काम करता करता मान वर करावी तर त्या सगळ्याच्या सगळ्या एकदम वळत असायच्या. आवाज नाही, काही नाही. आकाशातल्या कुठल्या तरी एका जागेकडे तोंड करून थांबायच्या. गावाला त्याचं काहीच वाटत नसे. मोहिनीला मात्र अजून वाटे, कुणीतरी हाक मारली आणि ती आपल्यालाच ऐकू आली नाही.

त्या दिवशी कंपनीतून स्नेहलचा फोन आला. "मोहिनी, लोक वैतागलेत गं. पेटारा सुरू करून चहाला जातात, येऊन बघतात तर तिथंच. कधी अर्ध्यातच बसतो. उद्या-परवा नवीन आवृत्ती काढायचीच आहे. वेग वाढव, आणि मुख्य म्हणजे भरवशाचा कर."

"बघते. सगळ्या कोठारांना एकदम, चालू आहेस का, असं विचारायचं आणि जे पहिलं हो म्हणेल त्याच्याकडून घ्यायचं, हे तर आपण मागंच केलं."

"तरी अडकतोय ना? कुठं ते शोध."

समृद्धीला मांडीवर थोपटत मोहिनीनं मोजणी लावली. कुठलं कोठार किती वेळात ओ देतं. मुंबईला लागायचा तेवढा वेळ लागला. हैदराबादला जरा जास्त. आणि आहुपे?

शून्य.

तिनं पुन्हा लावली. पुन्हा शून्य. घरातल्या घरात हाक मारली तरी ओ यायला थोडा वेळ जातो. आहुपे तर कड्याच्या टोकाला. तिथून उत्तर यायचं म्हणजे त्यानं वाट तरी तुडवायला हवी. हे तर विचारायच्या आधीच तोंडात तयार असल्यासारखं येत होतं.

"काहीतरी चुकतंय माझं," ती समृद्धीला म्हणाली. समृद्धी स्क्रीनकडे टक लावून बघत होती.

तिला खाली ठेवून मोहिनी उठली आणि भिंतीवरच्या राउटरची पिन उपटली. दिवे विझले. आता घरात नेट नव्हतं. मोबाइलचंही तिनं बंद केलं. परत येऊन मोजणी लावली. मुंबई, उत्तर नाही. हैदराबाद, उत्तर नाही. परदेशातली सगळी गप्प. एकेक ओळ लाल होत गेली.

आहुपे. हो.

भर दुपार होती. बाहेर लंकाबाई कांद्याच्या वाफ्यात खुरपत होत्या, खुरप्याचा खरखर आवाज येत होता. तार तोडलेली, आणि पलीकडून कुणीतरी ओ देतंय. तिनं आधी समृद्धीला उचललं, मग झाकण मिटलं. आहुप्याला इंद्रायणीला, म्हणजे बहिरू बाबांच्या सुनेला, फोन लावला. लागला नाही. तिकडं तो लागला तरच नवल.

संध्याकाळी नवरा मार्केटातून आला. आदेश नारायणगावला टोमॅटोच्या आडतीवर होता. त्यानं ऐकून घेतलं आणि हात धुता धुता म्हणाला, "अगं, मशिन हाय ते. काहीतरी गोंधळ आसंल."

"मला बघायचीय पेटी. डोळ्यांनी."

"पोरीला घिऊन? त्या धुक्यात?"

"तिला सोडून मी कुठं जात नाही, माहितीये ना तुम्हाला."

सकाळी निघताना लंकाबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, मोहिनीनं नेहमीचं उत्तर दिलं. कुठं जातोय हे आदेशनं सांगितलं नाही. घोडेगावला काम आहे म्हणाला. सासूबाईंनी दोघांकडे बघितलं आणि समृद्धीच्या कानांवर टोपडं नीट बांधलं.

डिंभ्याच्या पुढं धरणाचं पाणी संपेपर्यंत ऊन होतं. आदेशचा पिकअप वर चढला तसं धुकं खाली उतरलं. खाचरांतला भात, बांधावरची पिवळी सोनकी, सगळं हाताच्या अंतरावर येऊन मगच दिसे. बहिरू बाबांच्या घराचा एका बाजूचा पत्रा नवा होता.

"या, ताई. केवढी झाली गं बाय," म्हणत इंद्रायणीनं समृद्धीचा गाल चिमटीत धरला. "कशापायी आलात एवढ्या लांब?"

"पेटी बघायला."

इंद्रायणीचा हात गालावरच थांबला. तिनं आधी आदेशकडे बघितलं, मग मोहिनीकडे. "ती व्हय? ती हितं कुठं आता. गेल्या पावसात वारं सुटलं ना लई, पत्रा उडाला. त्याच्यासंगं पान बी गेलं, पेटी बी. राईत पडलीय."

"मग उचलली नाही?"

ओट्यावर बसलेल्या बहिरू बाबांनी मान हलवली. "राईत पडल्यालं उचलीत न्हाईत, बाई. वाळली काटकी बी न्हाई. देवाचं झालं ते."

देवराई घराच्या मागंच होती. आत शिरताच आवाजच संपला. झाडांच्या बुंध्यांवरून पाणी निथळत होतं, वर आभाळ नव्हतंच. जाड मुळांच्या बेचक्यात पेटी उताणी पडली होती. झाकण निखळलेलं, आत पानांचा कुजका थर आणि मुंग्यांची रांग. वायर तुटून मुळाभोवती गुंडाळलेली. पेटीवर शेवाळ चढलं होतं, दोन दिवसांचं नव्हे, एका अख्ख्या पावसाचं.

आदेश एकदा वाकून बघून मागं सरला. त्याला भावाच्या हातचं ते स्क्रू पिळणं ओळखू आलं असावं.

"मग मी रोज कुणाशी बोलतेय?" मोहिनी हळूच म्हणाली.

त्याच वेळी कडेवरच्या समृद्धीनं तिच्या खांद्यावरून मागं बघितलं, खुदकन हसली आणि उचलून घे म्हणून दोन्ही हात पुढं केले. मोहिनीनं वळून बघितलं. मागं नुसतं धुकं. तिनं पोरीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

बाहेर पडताना इंद्रायणीनं समृद्धीची मूठ उघडली. आत एक ओलं पान होतं. तिनं ते काढून परत राईत टाकलं. मग मुठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुमच्या सासूबाई बी अशाच बघून गेल्या. तुमाला सांगितलं न्हाई त्यांनी?"

"आई? इथं?"

"पोळ्याच्या आधी. यष्टीनं आल्या व्हत्या, एकल्याच. त्या मुळाशी बसल्या लई येळ. मी म्हणलं, आजी, घरी कळवते. तर म्हणल्या, नगं. सूनबाई रोज सांगती चालू हाय म्हणून. पेटी तर हितं निजलीय. मग तिकडं बोलतंय कोण? म्हणल्या, कोण ते न्हाई इचारायचं. इचारलं तर थांबंल त्यो."

आदेश पिकअपकडे गेला आणि आधीच पुसलेली काच पुन्हा पुसत राहिला. परतीच्या वाटेवर धरणाचं पाणी दिसू लागलं. मग तो म्हणाला, "आईचा तेवढा आधार तोडू नको गं."

"मी कुठं तोडतेय?"

"माहीत न्हाई. पन तुझं तोंड तसं झालंय."

घरी येऊन मोहिनीनं पेटाऱ्याचा जुना भाग उघडला. इतके दिवस तिनं तिकडं बघितलंच नव्हतं. भावजींनी लिहिलेलं म्हणून हात लावायचा धीर झाला नव्हता. उत्तर तिथंच होतं आणि अगदी साधं होतं. आहुप्याचं नेट सारखं जायचं, पोरं अडायची. म्हणून स्वराजनं असं करून ठेवलं होतं, की पेटीला विचारायला जायच्या आधी, ती मागं काय म्हणाली होती ते आठवायचं आणि तिच्या वतीनं आपणच सांगून टाकायचं. शेवटचं उत्तर 'हो' होतं. तेव्हापासून पेटारा तेच सांगत होता. इथं खोडदला, मोहिनीच्याच लॅपटॉपमध्ये बसून.

आणि सगळा घोळ तिथूनच होता. मागं मोहिनीनं पेटाऱ्याला शिकवलं, जे पहिलं हो म्हणेल त्याच्याकडून सामान घे. पहिला हो, प्रत्येकाच्या संगणकावर, नेहमी आहुप्याचाच. पेटारा धावत तिकडं जाई, दार वाजवी, आत कुणी नसे. बिचारा उभा राही. ज्या शाळांसाठी हे केलं त्या शाळांचे संगणकही असेच दारात ताटकळत होते.

तिनं स्नेहलला सांगितलं. स्वराज स्नेहलचा मित्र होता.

"काढ," स्नेहल म्हणाली. "नसलेल्याला आहे म्हणतंय ते, मोहिनी. सगळ्यांना अडवतंय. काढावं लागेल."

"हो."

"मी काढू का?"

"नको. मीच काढते."

आतल्या खोलीत लंकाबाई समृद्धीला खेळवत होत्या. बोबडी, कुणाला न कळणारी बडबड चालली होती आणि लंकाबाई त्याला अगदी गंभीरपणे "व्हय? मग?" असं म्हणत होत्या. मोहिनीनं त्या ओळी निवडल्या. डिलीटच्या बटणावर बोट ठेवून बराच वेळ बसली. बाळाच्या नाकाखाली बोट धरताना बसायची तशी. मग दाबलं.

पुन्हा सगळ्या कोठारांना विचारलं. एकामागून एक ओ आली. आहुप्याच्या ओळीपुढं पहिल्यांदाच काही आलं नाही. पेटारा थोडा वेळ थांबला, मग त्यानं लिहिलं, उत्तर नाही, आणि पुढं गेला. जे काम चहा पिऊन आलं तरी होत नव्हतं ते घोट घेईपर्यंत झालं. फोनवर स्नेहल ओरडली, "अगं, पळतोय की!" खिडकीबाहेर तबकड्या फिरल्या, पश्चिमेकडे तोंड करून थांबल्या.

सकाळी मोहिनी उठली तेव्हा गोठ्यातून धारेचा आवाज येत होता. तो संपायची वाट बघत ती बसून राहिली. काय सांगायचं ते तिनं मनात घोळवून ठेवलं होतं. आई, बसा जरा. आई, तुम्हाला ठाऊकच आहे. समृद्धी झोपली होती. बोटाला श्वास लागत होता, तरी तिनं बोट काढलं नाही.

पावलं उंबऱ्याशी आली. चरवी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"चालू हाय का गं..."

"चालू आहे, आई."

प्रश्न अजून अर्धाच होता. आपला आवाज ऐकून मोहिनीच दचकली. लॅपटॉप तिच्या मांडीशेजारी होता, कालपासून मिटलेला.

लंकाबाईंची नजर त्या झाकणावर गेली आणि थोडी थांबली. मग मोहिनीच्या चेहऱ्यावर आली.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि चरवी उचलून दूध तापवायला आत गेल्या.