गार डब्यातली जित्राबं

देवणीच्या गुरुबसप्पाचं अर्धं आयुष्य बैलांत गेलं आणि उरलेलं बैलांच्या थापांत. त्याचा एक बैल म्हणे विकल्यावर उदगीरहून एकटाच घरी आला, आणि येताना टपरीवर थांबून चहाही प्याला. बशीतून, कारण कप शिंगात अडकायचा.

पण बायकोचं, रुद्राणीचं यकृत बिघडलं तेव्हा दवाखान्यानं त्याला याहून मोठं नवल ऐकवलं. रुद्राणीच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, नांदेडच्या प्रयोगशाळेत त्यांच्या पोटात जहाल औषध भरायचं आणि लातूरला पुन्हा तिच्याच अंगात सोडायच्या. त्या थेट यकृतात जाऊन ओझं उतरवणार.

"काका, त्या जिवंत असतात. वाट त्यांना ठाऊक असते," डॉक्टर श्रद्धा म्हणाली.

गुरुबसप्पाला हे लगेच पटलं. घरचं जनावर घरीच येणार.

पेशींचा डबा आणणारी गाडी त्याचा भाचा वीरेश चालवायचा. गुरुबसप्पा सोबत नांदेडला गेला. परतताना वाटेत लोहा गावाला वीरेश चहाला उतरला आणि मामाच्या जिवाची घालमेल सुरू झाली. जिवंत म्हणतात, अन् झाकण इतकं घट्ट. टेंपोत जनावरं अशीच गुदमरतात. त्यानं खटका काढला. गार वाफ तोंडावर आली. त्याला वाटलं, बिचाऱ्यांनी श्वास टाकला. मग दावणीला येणाऱ्या जनावराच्या कपाळाला लावावी तशी त्यानं आतल्या पेशींच्या पिशवीवर तीन बोटांनी खिशातली विभूती ओढली आणि वीरेश यायच्या आत झाकण लावलं.

लातूरला रुद्राणी खाटेवर तयार होती. श्रद्धा तिला समजावत होती, "डबा नांदेडला बंद झाला, तो आता इथंच उघडायचा. वाटेत ऊब लागली तर पेशी मरतात. मेलेली पेशी यकृतापर्यंत जात नाही, औषध मधेच सांडतं. हृदयातसुद्धा."

गुरुबसप्पानं रुद्राणीकडं पाहिलं. बोलावं तर हे औषध गेलं. दुसऱ्यासाठी हिच्या अंगात रक्त तरी कुठं राहिलंय? न बोलावं तर हीच जायची.

"म्या उघडला व्हता डबा," तो म्हणाला. "लोह्याला."

वीरेश हसला. "मॅडम, ह्यांचा बैल चहा पितो. मामा, गप बसा की."

"खरं सांगायलोय, बाई."

"कवा सांगितलाव खरं?" रुद्राणी डोळे न उघडता म्हणाली. "भ्यालेत ते. तुमी लावा औषध."

श्रद्धाचा हात खटक्यावर गेला.

"पिशवी बघा," गुरुबसप्पा म्हणाला. "इबूत लावलीया तिला."

झाकण उघडलं. पिशवीवर तीन पांढऱ्या रेघा होत्या, ओलीनं जराशा ओघळलेल्या. वीरेशनं मान खाली घातली. श्रद्धानं पिशवी उचलून बाजूला ठेवली.

"पुन्हा रक्त काढावं लागेल," ती सावकाश म्हणाली. "अंगात ताकद आली तर."

ती गेल्यावर रुद्राणीनं डोळे उघडले. "जल्मात एकदा खरं बोललाव, ते बी असलं." मग छताकडं बघून म्हणाली, "आता खोटं सांगा कायतरी. त्या बैलाचं सांगा."

गुरुबसप्पा खाटेला टेकून बसला. बैल उदगीरहून निघाला, टपरीपाशी आला, बशीतला चहा प्याला. पण आज काही केल्या त्याला घरची वाट सापडेना.